चार मागांवर एक विणकर, साठ पोरांवर एक मास्तर

गिरणी कामगार बंधूंनो,

शिराळ्याकडचं पोरगं गणितात पुढं, कुस्तीत पुढं, मग इंग्रजीतच मार का खातं? परळ-लालबागच्या चाळीत हा सवाल पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आला. "त्याचं डोकंच चालत नाही" हा जबाब आम्हाला साफ नामंजूर आहे. १९३० साली बिळाशीला जंगल सत्याग्रह करून इंग्रज सरकारला जेरीस आणणारा हा मुलूख. त्याला इंग्रजांची भाषा झेपत नाही होय?

हिशेब मांडा. तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात पोरं साठ. हजेरी आणि गलका यात पाच मिनिटं गेली. उरलेल्या तिसात प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला अर्धं मिनिट. तेही मास्तरांनी स्वतः तोंड उघडलं नाही तर! अशा चार तुकड्या म्हणजे दोनशेचाळीस वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरा, आठ तास झाले. अख्खी एक पाळी! मग मास्तर फळ्यावर उत्तर लिहितात, पोरं उतरवून घेतात. धडा सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा. मागच्या बाकावरचं पोरगं नुसते ओठ हलवतं. गाईवरचा निबंध तोंडपाठ, पण स्टेशनवर गाडी कुठली एवढं इंग्रजीत विचारताना घाम फुटतो.

तुम्हाला हे नवं नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या, त्यात एका कामगारावर जादा माग लादण्याचाच झगडा होता. माग वाढवले की सूत तुटतं, आणि दंड विणकरालाच! इथं दंड पोराला बसतो, नापासाचा.

सरकारनं काय केलं? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं, ते आठवीपासून ठेवलं. म्हणजे मॅट्रिकपर्यंत चारच वर्षं. १९५४ च्या जानेवारीत हुकूम निघाला, की अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतर मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात घेऊ नये. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. पैसेवाल्यांची वाट मोकळी झाली. खेड्यातला वर्ग होता तिथंच राहिला.

मराठी राज्य १ मे १९६० ला आलं. पोरानं मराठीतून शिकावं हे आम्ही आजही छातीठोक सांगतो; इंग्रजीशी आमचं वैर नाही, पण ती शिकवायची तर शिकवा! २००० सालापासून इंग्रजी पहिलीवर आणलं. वर्षं वाढवली, पण बोलायला मिळणारं अर्धं मिनिट वाढलं का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. त्यात भाषांसाठी म्हणून किमान एक. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्यांना मिळून! आणि नववी-दहावी तर त्या कायद्याबाहेरच. जिथं परीक्षेची टांगती तलवार, तिथंच हक्क संपतो.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. बापाच्या जागी पोराला बदली कामगार म्हणून लावायची सोय गेली. आता अर्ज, मुलाखत, आणि तिथं इंग्रजी.

तेव्हा नागपंचमीला शिराळ्यास जाल तेव्हा शाळेतही जा. मास्तरांशी भांडू नका, तो बिचारा चार मागांवरचा विणकर आहे. विचारा एवढंच: एका तुकडीत पोरं किती? इंग्रजीला शिक्षक किती? जागा रिकामी किती दिवस? आकडे कागदावर घ्या, गावातल्या चार पालकांच्या सह्या घ्या, आणि जिल्हा परिषदेत व आमदाराच्या दारात तो कागद ठेवा. मागणी एकच: तुकडी फोडा, शिक्षक द्या!