परसबाग : अशोकाला ऊन दाखवताना

मैत्रिणींनो, या खेपेला सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

गेल्या पावसाळ्यात याच सदरात मी लिहिलं होतं, की कुंडीतलं झाड मरगळलं, पानं लोंबली, तर त्याला चार दिवस ऊन दाखवावं. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तुळस, गुलाब, जास्वंद ही मंडळी होती. सततच्या पावसानं ती गारठतात आणि उन्हानं सावरतात. सल्ला खोटा नव्हता, पण तो कुणासाठी आहे हे सांगायला हवं होतं. ते राहून गेलं.

गेल्या आठवड्यात कऱ्हाडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. तिचं माहेर सावंतवाडीकडचं. आईनं पोफळीच्या वाडीत, पाटाच्या कडेला, सीताअशोकाची रोपं केली होती. आई गेली. वर्षश्राद्धाला गेली तेव्हा त्यातलं एक रोप ही मांडीवर घेऊन एस. टी. नं कऱ्हाडला आली. मागच्या चौकात, भिंतीच्या आडोशाला कुंडी ठेवली. छान रुजली. मार्चमध्ये नवी पालवी फुटली, तांबूस, आणि बघता बघता सगळी पानं खाली लोंबली. तिला वाटलं, झाड मरगळलं. माझा लेख आठवला. कुंडी गच्चीवर गेली. आठ दिवसांत जुन्या पानांवर पांढुरके डाग पडले, मग ती कागदासारखी वाळली, आणि कोवळी पालवी तर करपूनच गेली. तिनं मला दोष दिलेला नाही. एवढंच लिहिलंय, ‘‘ताई, आईच्या हातचं एवढं एकच माझ्याकडे होतं.’’

पत्र वाचून दोन दिवस माझं लक्ष कशात लागेना.

आधी पालवीचं सांगते. सीताअशोकाची नवी पानं लोंबतातच. तो त्याचा आजार नव्हे, स्वभाव आहे. डहाळीच्या टोकाला मऊ, तांबूस पानांचा झुबका फुटतो आणि पाण्यातून काढलेल्या फडक्यासारखा सैल लटकतो. त्या पानांत हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि देठात ताठपणाही आलेला नसतो. थोडे दिवस गेले की पानं हिरवी होतात, मग आपोआप सावरून आडवी होतात. त्या दिवसांत त्यांना काही करू नये. ज्यादा पाणी नको, खत नको आणि ऊन तर नकोच.

आता हे झाड ऊन का सोसत नाही, ते पाहू. सीताअशोक मूळचा ओढ्याकाठच्या सदाहरित रानातला. आपल्या कोकणात, गोव्यात, खाली कर्नाटक-केरळात सह्याद्रीच्या कुशीत तो आहे. तिकडे मेघालयातही आहे. अशा दाट रानात वर पानांचं छत इतकं घट्ट असतं की भर दुपारी जमिनीवर शंभरातला एखाददुसरा हिस्सा उजेड पोचतो. बी तिथंच पडतं, तिथंच रुजतं. रोप त्या अंधुक उजेडात संसार मांडतं. त्याची पानं पातळ आणि पसरट होतात, कारण मिळेल तो कवडसा वेचायचा असतो.

पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर आणि ऊन म्हणजे आच, असं समजा. सावलीतल्या पानाचं पातेलं लहान. त्याखाली एकदम भडका पेटवला तर स्वयंपाक लवकर होत नाही, तळ करपतो. नेमकं तेच होतं. पानाला झेपेल त्याहून जास्त प्रकाश आला, की आतली यंत्रणाच बिघडते, हरितद्रव्य नासतं, पान आधी फिकट आणि मग तपकिरी पडतं. शिवाय गच्चीवर वारा आणि तापलेली फरशी. मुळं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं.

उन्हात वाढलेल्या झाडाची पानं लहान, जाड आणि चिवट असतात. पण सावलीत घडलेलं पान मागाहून उन्हातलं पान होऊ शकत नाही, ही गोष्ट मोठमोठे बागकाम करणारेही विसरतात. झाडाला ऊन शिकवायचं तर ते नव्या पानांमार्फत, एकेका पालवीनं. म्हणून घाई करून चालत नाही.

सगळीच झाडं अशी नसतात हं. सागाचं रोप सावलीत ठेवलंत तर ते रुसून बसेल. अशोकाची गोष्ट वेगळी. रानात एखादा जुना वृक्ष उन्मळून पडला की छताला भोक पडतं, उजेड खाली येतो, आणि सावलीत थांबून राहिलेल्या रोपांना वर जायची संधी मिळते. म्हणजे त्यालाही उजेड हवाच असतो, पण आपल्या वेळेला आणि बेताबेतानं. सावलीची हौस म्हणून कुणी कुंडी घरात कोनाड्यात नेऊन ठेवील, तर तेही चूक. तिथं रोप खिडकीकडे मान लांबवत बारीक काठीसारखं वाढतं आणि शेवटी मोडून पडतं.

किती सावली हवी हे मापायला यंत्र लागत नाही. दुपारी बारा वाजता कुंडीवर एक हातभर अंतरावर आपला पंजा धरा. बोटांची सावली काळी, रेखीव पडली तर ऊन फार. सावली दिसते पण कडा पुसट आहेत, तर जागा उत्तम. सावली पडतच नाही, तर जागा अंधारी. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन या रोपाला मानवतं. पश्चिमेचं ऊन मात्र वैरी. आंबा, चिक्कू, नारळ यांच्या बुंध्यापासून थोडं दूर, गाळीव उजेडात कुंडी ठेवली तर सोन्याहून पिवळं. झाड नसेल तर रोपवाटिकेत मिळते ती पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. तीही नको असेल तर जुनं सुती लुगडं चार काठ्यांवर ताणा. एकपदरीच, आणि रोपापासून दोन-तीन फूट उंच, म्हणजे वारा खेळेल. नायलॉनची साडी वापरू नका, खाली भट्टी होते.

पहिली दोन वर्षं अशीच काढा. पुढे ऊन वाढवायचं ते पावसाळ्यात, आभाळ झाकलेलं असतं तेव्हा. एकदम मार्चमध्ये नाही. आठवड्याला तासभर सकाळचं ऊन वाढवत जा आणि प्रत्येक वेळी वरच्या पानांकडे बघा. आभाळाकडच्या बाजूला फिकट डाग दिसला की एक पाऊल मागे. संध्याकाळी पानं पुन्हा टवटवीत होत असतील तर ती नुसती तहान समजा. डाग मात्र रात्रीतून जात नाहीत.

एवढा पाल्हाळ एका कुंडीसाठी कशाला, असं कुणी म्हणेल. तर या झाडाची स्थिती बरी नाही, म्हणून. जगभरच्या धोक्यात आलेल्या जिवांची जी लाल यादी आहे, तीत १९९८ साली सीताअशोकाची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. रानं तुटली हे एक कारण. दुसरं कारण आपल्या कपाटात असतं. अशोकारिष्ट या झाडाच्या सालीपासून होतं, आणि त्याची गिऱ्हाइकं आपणच, बायका. साल चहूबाजूंनी सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं. मागणीला साल पुरत नाही, म्हणून तीत दुसऱ्याच झाडाची साल मिसळतात. (अंगावरून जास्त जात असेल तर बाटली आणण्याआधी डॉक्टरीणबाईंकडे जा, हे मागेही सांगितलंय.)

ते दुसरं झाड म्हणजे सोसायट्यांच्या कुंपणाशी उभा असलेला, उंच, निमुळता, लांब पानांच्या कडा नागमोडी असलेला हिरवा अशोक. आपण दसऱ्याला तोरणात ज्याची पानं ओवतो तो. नाव अशोक, पण नातं सीताफळाशी. गंमत पाहा, ज्याच्या नावात सीता आहे तो चिंचेच्या कुळातला, आणि सीताफळाचा भाऊबंद भलताच! रोप घेताना एवढं बघा : खऱ्या अशोकाच्या एका देठावर समोरासमोर पानांच्या चार-सहा जोड्या असतात. फुलं नारिंगी, मग लाल होत जाणारी, गुच्छांची. तोरणासाठी हा अशोक ओरबाडू नका, त्याला आंबा आणि हिरवा अशोक पुरेसे आहेत.

मुळातून रोप करायचं असेल तर बी ताजं हवं. चपट्या शेंगा पिकून काळपट झाल्या की लगेच बी काढा, रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी पेरा. फणसाच्या आठळीसारखंच आहे, साठवून ठेवलं की जीव जातो. साधारण तीन आठवड्यांत कोंब येतो. बी मातीत वर्षानुवर्षं वाट बघत राहत नाही, म्हणूनच रानात वरचं छत गेलं की रुजलेली पिढी उन्हानं जाते आणि मागे शिल्लक काही राहत नाही.

जुन्या कवींनी मानलं होतं, की तरुण स्त्रीच्या पायाची लाथ लागली की अशोक फुलतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त तो प्रसंगच आहे. लाथ सोसणाऱ्या झाडाला आपल्या गच्चीवरचं ऊन सोसू नये, याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं.

कऱ्हाडच्या मैत्रिणीला मी उलट टपाली लिहिलं : कुंडी जिन्यावरून लगेच खाली, जुन्या जागी. वाळलेली पानं तोडू नका, आपण गळतील. खत नाही. माती ओलसर ठेवा, चिखल नको. आणि बुंध्याची साल नखानं तिळाएवढी खरवडून पाहा, वरून खाली येत येत.

परवा तिचं कार्ड आलं. शेंडा तपकिरीच आहे, मधलाही. मातीपासून चार बोटांवर खरवडलं तेव्हा मात्र हिरवं लागलं. बाई, तिथून कोंब यायला महिना लागेल, दीडही लागेल. आला की तांबूस असेल आणि लोंबेल. कुंडी हलवू नका.