डॉक्टरांपासून काय लपवायचे?

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या घरांत कुजबुज सुरू होते. मग नगरला नाही तर पुण्याला जाऊन गुपचूप उपचार होतात. अल्लाहच्या कृपेने मूल होते आणि आयव्हीएफचे कागद कपाटाच्या तळाशी जातात. शेजारपाजारी सांगू नये, हे आम्ही समजू शकतो. पण पुष्कळदा मुलाच्या डॉक्टरांनाही सांगितले जात नाही. आमचे म्हणणे तेवढ्यापुरतेच आहे.

महाराष्ट्राला हा उपचार नवा नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा यांचा जन्म झाला. 2016 मध्ये त्या स्वतः आई झाल्या. या उपचारातून जन्मलेली पहिली पिढी आता मोठी झाली आहे. त्यांच्या हृदयाचे आरोग्य कसे राहील, हे डॉक्टर तपासत आहेत.

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधील लाखो जन्मांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा उपचारांतून झालेल्या हजार बाळांमागे सुमारे 18 जणांच्या हृदयात जन्मतः मोठा दोष होता. इतर बाळांत हे प्रमाण 11 ते 12 होते. जुळी-तिळी असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणजे फरक आहे, पण हजारातली 980 हून अधिक बाळे या दोषापासून मुक्त असतात.

रक्तदाबाचे चित्र इतके स्पष्ट नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2018 साली आयव्हीएफच्या 54 किशोरवयीन मुलांपैकी 8 जणांचा रक्तदाब जास्त आढळला, तर इतर 43 मुलांत एकाचाच. उलट 2023 मध्ये युरोप, सिंगापूर व ऑस्ट्रेलियातील 35 हजारांवर मुलांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा रक्तदाब व साखरेत विशेष फरक दिसला नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही; लक्ष ठेवण्याचे आहे.

लक्ष ठेवणे अवघड नाही. गरोदरपणात 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. दूध पिताना बाळाला घाम येणे, धाप लागणे, वजन न वाढणे, ओठ निळे पडणे, यांपैकी काही दिसले तर "नजर लागली" म्हणून थांबू नका. तिसऱ्या वर्षानंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्या. पापड, लोणचे, पाकिटातला खाऊ कमी आणि मैदानावरचा खेळ जास्त, हे तर सर्वच मुलांना लागू आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. हृदयदोष आढळल्यास पुढील उपचारांची सोय त्यातून मोफत होते. आम्ही शिक्षक पाहतो, की त्या दिवशी काही पालक मुलाला घरीच ठेवतात. तसे करू नका.

आणि कोणी सुनेला दोष देऊ लागले तर त्यांना सांगा, की मूल न होण्याचे कारण पुरुषातही तितकेच असू शकते. उपचार घेणे हा गुन्हा नव्हे. जन्माची फाइल जपून ठेवा आणि मुलाच्या पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर ठेवा.