प्रथिनांचा हिशोब सावंगीतही मांडला जावा

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला की विदर्भातला खर्रा तयार होतो. तो खाणाऱ्या कित्येकांचं तोंड पुढे उघडेनासं होतं. आधी तिखटाने आग होते, मग गाल आतून ताठ होतात, शेवटी दोन बोटंही आत जात नाहीत. असे रुग्ण सावंगी (मेघे) इथल्या शरद पवार दंत महाविद्यालयाला नवे नाहीत.

या ताठरपणामागे प्रथिनांचा बिघडलेला हिशोब आहे. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे कोलॅजेनचे धागे जास्त बनतात. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या विकराला जोर देतं आणि ते धागे एकमेकांत पक्के बांधले जातात. मोडणाऱ्या यंत्रणेला ते आवरत नाहीत. या रुग्णांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो.

पेशीला प्रथिन बनवता येणं पुरेसं नाही, ते वेळेवर मोडताही आलं पाहिजे. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिनची खूण चिकटते आणि प्रोटिएसोम त्याचे तुकडे करतो. या शोधासाठी सिएखानोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४चं नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणू हीच खूण पेशीची राखण करणाऱ्या पी-५३ या प्रथिनावर लावून घेतो, आणि राखणदारच नाहीसा होतो.

अल्झायमरमध्ये उलटं घडतं: टाऊ प्रथिनाचा गुंता मेंदूत साठत जातो. १९९६मध्ये सापडलेलं पिन-१ हे विकर तर दोन्हीकडे दिसतं. अनेक गाठींत ते वाजवीपेक्षा जास्त, अल्झायमरच्या मेंदूत मात्र त्याचं काम मंदावलेलं. कर्करोगासाठी त्याला दाबणारं औषध शोधताना मेंदूचं काय होईल, हे पाहावंच लागेल.

कर्करोगाचा रुग्ण निदान दवाखान्यापर्यंत पोचतो. आजी चूल पेटवून विसरली, आजोबा घरचा रस्ता चुकले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढचे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत.

प्रथिनांच्या या बिघाडावरचं संशोधन खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’सारख्या मोठ्या संस्थांपुरतं राहणं बरोबर नाही. सावंगीला विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, जवळच सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. रुग्ण इथे आहेत, त्यांची गावं, शेतं, सवयी इथल्या डॉक्टरांना ठाऊक आहेत. ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या जीवरसायनशास्त्रज्ञाला शिकवणं आणि रक्ताचे रिपोर्ट यापलीकडे वेळ व पैसा मिळायला हवा. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा रुग्णाच्या लेखी संमतीने उणे ८० अंशांवर जपायचा आणि त्याच कुटुंबांची म्हातारपणापर्यंत विचारपूस करायची, तर दोन-तीन वर्षांचं अनुदान पुरत नाही. त्यासाठी कायम पदं आणि फ्रीजरला अखंड वीज, एवढी तरतूद सरकारने आता करावी.