किल्ली कोणाकडे?

रविवारची सकाळ. आंघोळी उरकल्या, कपडे धुऊन झाले, मोरीतून पाणी गडगडत खाली गेले. ते पुढे कुठे गेले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. वाशीकरांपुरते उत्तर सोपे आहे. नवी मुंबई महापालिकेचे मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र वाशीत आहे आणि त्याची क्षमता दिवसाला १० कोटी लिटरची आहे. एकाच टाकीत पाणी भरायचे, हवा सोडायची, जिवाणूंना घाण खाऊ द्यायची, गाळ तळाशी बसला की वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे, असा तिथला क्रम. शहराची ही मोरी नीट वाहते म्हणून आपले घर स्वच्छ राहते.

अशा केंद्रांमध्ये शेवटचा टप्पा असतो जंतू मारण्याचा, आणि त्यासाठी देशभर सर्रास क्लोरिन वापरला जातो. हा वायू दाबाखाली द्रव करून मोठ्या लोखंडी सिलिंडरांत भरतात. एका सिलिंडरमध्ये साधारण ९०० किलो माल मावतो. बाहेर पडला की द्रवाचा वायू होताना तो साडेचारशे पटींनी फुगतो. हवेपेक्षा अडीचपट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत सरपटतो आणि तळघरे, गटारे, खड्डे भरून काढतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. जो आपले पाणी निर्जंतुक करतो, तोच माणसाची फुप्फुसे जाळू शकतो.

फार दूर जायला नको. १४ जुलै २०१० रोजी पहाटे शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरिन गळला. शंभराहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. माझ्यासारख्या बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला त्या बातमीत गळतीपेक्षा ‘पडून राहिलेले’ हे शब्द अधिक झोंबले. ज्या मालाला वहीत धनी नाही, त्याची रोज पाहणी कोण करणार? बुडीत खाते जसे एका रात्रीत बुडत नाही, तसा अपघातही एका रात्रीत होत नाही. तो आधी कित्येक दिवस कागदावर होत असतो.

बँकेत रोकड एकट्याने हाताळायची नाही, हा पहिला धडा. तिजोरीला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. अचानक तपासणी. सही केल्याशिवाय नोटांचे एक बंडल हलायचे नाही. हा अविश्वास नव्हे. माणूस दमतो, विसरतो, कंटाळतो, हे मान्य करून केलेली व्यवस्था आहे. विषारी रसायनाच्या खोलीतही नेमके हेच हवे. सिलिंडर बदलताना दोघे, आत जाण्यापूर्वी वायू मोजणारे यंत्र, दारावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी पट्टा, गळती झाल्यास वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंचावर जायचे हे प्रत्येकाला पाठ. गळत्या सिलिंडरवर पाणी मारायचे नसते, त्याने भोक अधिकच झिजून मोठे होते, ही साधी गोष्टही आधी शिकवलेली असावी लागते.

एका गोष्टीत मात्र बँकेचा नियम उलटा करावा लागतो. नोकरीत असताना कर्जापोटी तारण असलेल्या मालाची पाहणी करायला मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात गेलो होतो. वायूपासून वाचवणारे मुखवटे काचेच्या कपाटात नवेकोरे लटकत होते आणि कपाटाला भक्कम कुलूप होते. किल्ली साहेबांकडे, साहेब सहाला घरी जात. रात्रपाळीचे काय, असे मी विचारले, तेव्हा कामगार नुसता हसला. मुखवटे चोरीला जातात म्हणे! मी मालाचा आकडा बरोबर असल्याचा अहवाल दिला आणि परतलो. कुलपाबद्दल एक ओळही लिहिली नाही, कारण तसा रकाना छापील अर्जात नव्हता. ती न लिहिलेली ओळ मला अजून छळते.

१९८४ च्या भोपाळनंतर आपल्याकडे कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालचे १९८९ चे घातक रसायनांचे नियम ही त्याची फळे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल, तर आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम सक्तीची आहे. क्लोरिनसाठी ही मर्यादा १० टनांची. म्हणजे नऊ सिलिंडर ठेवले तर भरतात आठ टनांच्या आसपास. नियम सुटला, पण वायूला नियमावली वाचता येत नाही. मर्यादेखालच्या केंद्रांनीही तालीम करावी, हे शहाणपण कायद्याच्या पलीकडचे आहे. कमी धोक्याचे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण किंवा अतिनील किरण हे पर्यायही उपलब्ध आहेत. खर्चाचा हिशेब मांडताना सिलिंडरच्या किमतीत शेजारच्या वस्तीची जोखीमही मिळवली, तर हे पर्याय वाटतात तितके महाग राहत नाहीत.

आणि सगळ्यांत जवळचा धोका तर मैल्यातच जन्मतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजून माणूस खाली उतरतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस असुरक्षितपणे उतरवण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. भरपाई वाढली, ही चांगली गोष्ट. ती द्यावी लागू नये, ही खरी गोष्ट.

आपण घरी काय करतो? संडास चकचकीत व्हावा म्हणून ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओततो, दार लावून घासत बसतो, खोकला आला की ‘वास उग्र आहे’ म्हणतो. तो वास क्लोरिनचाच असतो. ज्यांना न्हाणीघरात एवढे भान नाही, त्यांनी केंद्रातल्या कंत्राटी कामगाराला निष्काळजी म्हणू नये.

पुढच्या वेळी नगरसेवक भेटले, तर दिवाबत्ती आणि खड्ड्यांबरोबर एवढे विचारा: आपल्या केंद्रात मुखवट्यांचे कपाट आहे ना? आणि रात्री दोन वाजता त्याची किल्ली कोणाकडे असते? खरे उत्तर एकच आहे. त्या कपाटाला कुलूपच नसावे.