लष्करी तळ नाही, पोलीस प्रशिक्षण! सॉलोमन बेटांवर चीन काय करतोय?

चीनची ताकद म्हटलं की युद्धनौका आठवतात. पण पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर चीन शिरला तो पोलिसांच्या वाटेने.

2019 मध्ये या छोट्या देशाने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले. नोव्हेंबर 2021 मध्ये पंतप्रधान मनासे सोगावारे यांच्या राजीनाम्याची मागणी करत लोक रस्त्यावर आले. राजधानी होनियारातलं चायनाटाउन पेटलं. सोगावारेंनी ऑस्ट्रेलियाचे पोलीस बोलावले. मग चीननेही दंगल नियंत्रण शिकवणारं पोलीस पथक पाठवलं. एप्रिल 2022 मध्ये थेट सुरक्षा करार, 2023 मध्ये पोलीस सहकार्य करार.

2022 च्या कराराचा मजकूर सरकारने जाहीर केला नाही. आधी फुटलेल्या मसुद्यानुसार, सरकारने मागणी केली तर सुव्यवस्थेसाठी चीन सशस्त्र पोलीस आणि सैनिक पाठवू शकतो. चिनी नागरिक आणि प्रकल्पांचं रक्षणही त्यात येतं.

गरीब देशाला पोलिसांसाठी मदत हवीच असते आणि एकट्या ऑस्ट्रेलियावर अवलंबून राहायचं नसतं. त्यात गैर काही नाही.

पण 2021 ची दंगल सरकारविरोधातच पेटली होती. उद्या पुन्हा लोक रस्त्यावर आले, तर चीनचे पोलीस कुणाचं रक्षण करतील? लोकांचं की खुर्चीचं? उत्तर करारात असेल, पण तो वाचायला मिळालेला नाही.