नेटवर्क गेलं, मग भरपाई कुठंय?

रिचार्ज महागला की कट्ट्यावर हमखास निघणारा विषय म्हणजे पोर्टिंग. २०२४च्या जुलैमध्ये खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा तर प्रत्येक ग्रुपमध्ये 'चल, कंपनी बदलून टाकू' हेच चाललं होतं. आणि ते सोपंही आहे. १९०० वर एक मेसेज, उत्तरात आलेला आठ अंकी-अक्षरी कोड, कोपऱ्यावरच्या दुकानात आधार आणि नवं सिम. नंबर तोच, कंपनी दुसरी. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे, म्हणजे तुमच्यातले बरेच जण बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत होते तेव्हापासून.

घोळ होतो तो मधल्या काळात. जुनी कंपनी नंबर सोडते, नवीन तो उचलते. मध्ये काही तास फोन मुका राहणार, हे गृहीतच आहे. पण कधीकधी जुनं सिम मरतं आणि नव्यात जीवच येत नाही. काही तासांचा एक दिवस होतो, एकाचे तीन होतात. जुन्या कंपनीला विचारा, 'आम्ही नंबर सोडला.' नवीनला विचारा, 'समोरून अजून आला नाही.' तुम्ही मात्र धड ना इकडचे, ना तिकडचे.

'तीन दिवस फोन नसला तर काय बिघडतं?' असं घरचे म्हणतील. त्यांना सांगा, प्रश्न गप्पांचा नाहीये, ओटीपीचा आहे. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना आधारचा ओटीपी याच नंबरवर येतो. बँकेचं लॉगिन याच नंबरवर. फोनमध्ये नवं सिम घातलं की यूपीआय अ‍ॅप पुन्हा नंबर तपासायला एसएमएस पाठवू बघतं, आणि तोच जात नाही. होस्टेलवर राहणाऱ्या मुलीच्या खिशात दीडशे रुपये आहेत, मेसचे पैसे द्यायचेत आणि फॉर्मची शेवटची तारीख उद्या आहे. अशा वेळी 'नो सर्व्हिस' ही गैरसोय नसते, नुकसान असतं.

मग या नुकसानीचे पैसे कोण देतं? आजघडीला आपणहून कुणीच नाही. पोर्टिंगची विनंती चुकीच्या कारणाने फेटाळली तर ट्राय कंपनीला १०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते, पण तो तुमच्या खात्यात येत नाही. २०२४च्या ट्रायच्या नियमांत भरपाईचा विचार दिसला. जिल्ह्यातलं नेटवर्क २४ तासांहून जास्त बंद पडलं, तर पोस्टपेडवाल्यांना बिलात सूट आणि प्रीपेडवाल्यांना वाढीव व्हॅलिडिटी. चांगलंच आहे. पण अख्खा जिल्हा बंद पडला तर भरपाई, आणि एकट्या तुमचा नंबर दोन कंपन्यांच्या मध्ये लटकला तर काही नाही, हा कुठला न्याय? वर जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस आणि बॅलन्स पोर्ट करताना बुडतोच. बदलण्याची किंमत दोन्ही बाजूंनी ग्राहकच मोजतो.

माझं म्हणणं साधं आहे. पोर्टिंगला मुदत आहे: सर्कलच्या आत कामाचे ३ दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. (मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत, कोल्हापूरहून मुंबईत शिकायला आलेल्यांनी लक्षात ठेवा.) तशीच मुदत फोन मुका राहण्यालाही हवी. ती उलटली की दर दिवसामागे ठरावीक रक्कम, न मागता, ग्राहकाच्या खात्यात. कुणामुळे उशीर झाला हे दोन्ही कंपन्यांनी आपापसात ठरवावं.

तोवर काय? तोवर मागायची. आधी नवीन कंपनीकडे तक्रार करा आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तीच तक्रार जुन्या कंपनीलाही ई-मेलने पाठवा. कोडचा मेसेज, पोर्टिंगची तारीख, 'नो सर्व्हिस'चे स्क्रीनशॉट, हुकलेल्या फॉर्मचा पुरावा, सगळं एका फोल्डरमध्ये. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं, फुकट. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

आणि शेवटचं दार म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइल कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं का, यावर बरीच वर्षं वाद होता. २००९च्या एका निकालामुळे कंपन्या 'हे तुमच्या अखत्यारीत नाही' म्हणून हात वर करायच्या. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला: जाता येतं. तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात, ऑनलाइन, वकिलाशिवाय. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि कुठल्याही रिचार्जला ते पुरून उरतं. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, एवढंच.

'तीनशे रुपयांसाठी कोण एवढं करणार?' हे तुमच्या ओठांवर आलंच असेल. खरंय, निकाल लागायला वेळ लागतो, आणि परीक्षा तोंडावर असताना कागद जमवत बसायचा कंटाळाही येतो. पण कंपन्यांचं गणितही नेमकं याच कंटाळ्यावर उभं आहे. तुमचे तीनशे, माझे तीनशे, असे लाखोजणांचे न मागितलेले तीनशे. प्रत्येक कॉलेजात लॉ किंवा कॉमर्सची पाच मुलं मिळून मित्रांच्या तक्रारी लिहून द्यायला बसली, तर हे गणित चुकायला लागेल. नंबर आपला, पैसेही आपले. मग आवाज तरी का गप्प ठेवायचा?