अर्धा शब्बाथ

“शब्बाथ पाळावयाचा तर पुरता पाळावा, नाहीं तर दिवे लावण्याचें हें ढोंग तरी कशास?” असा प्रश्न एका विद्वान स्नेह्यांनीं आम्हांस आमच्याच घरीं, शुक्रवारच्या सायंकाळीं, आमच्याच पानावर बसून केला. ते शेजारच्या इमारतींत राहतात, व शब्बाथ लागल्यावर लिफ्टचें बटणहि दाबीत नाहींत. आमच्याकडे चार जिने चढून आले होते. पाहुण्याशीं वाद घालूं नये म्हणून त्या वेळीं गप्प बसलों. उत्तर येथें देतों.

आमचा अपराध असा : सूर्यास्तापूर्वीं घरांत दिवे लागतात, काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दूश म्हटला जातो, आणि शनिवारीं चांदण्या दिसेपर्यंत मोबाइल कपाटांत राहतो. परंतु शनिवारीं सकाळीं आम्ही प्रार्थनामंदिरास लोकलनें जातों, दुपारीं गॅस पेटवून चहा करतों, आणि एखाद्या शनिवारीं कचेरीहि चुकत नाहीं. इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नेंत शब्बाथाला वर्ज्य अशीं ३९ कामें सांगितलीं आहेत : नांगरणें, दळणें, विणणें, लिहिणें, विस्तव पेटविणें इत्यादि. त्या यादीस आम्ही हंसत नाहीं. ती पुरती पाळणाऱ्यास जी निश्चिंतता लाभते ती आम्हांस लाभत नाहीं, हें आम्ही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलें आहे. मात्र अर्धें म्हणजे शून्य, हें त्यांचें गणित आम्हांस मान्य नाहीं.

आम्हां बेने इस्राएलांस तर तें मुळींच मान्य होऊं नये. कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. त्यांच्यापाशीं तालमूद नव्हता, रब्बी नव्हता. शेमाची प्रार्थना, मुलाची सुंता, खवल्यांचाच मासा आणि शनिवारीं बंद घाणा, एवढीच शिदोरी परंपरेनें त्यांच्या पदरीं बांधलेली होती. ३९ कामांची यादी त्यांतील कोणाच्या कानांवर गेली असेल असें वाटत नाहीं. तरी शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनिवार तेली’ म्हटलें. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे हिंदु तेली ते ‘सोमवार तेली’. शेजारी कांहीं धर्मशास्त्री नव्हते. घाण्याची करकर आज ऐकूं येत नाहीं, एवढेंच त्यांस कळलें, आणि तेवढ्यावरून त्यांनीं माणसें ओळखलीं. पुढें कोचीनकडून शिक्षक आले; १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर उभारलें. त्या शिक्षकांस शिकविण्यासाठीं समाज शिल्लक सांपडला तो या अपुऱ्या शब्बाथामुळेंच. आमचे स्नेही त्या घाण्यापाशीं उभे असते, तर त्यांनीं आमच्या पणजोबांच्या पणजोबांसहि ढोंगी ठरविलें असतें काय?

स्नेही म्हणतील, “त्यांस ठाऊक नव्हतें, तुम्हांस ठाऊक आहे.” हा आक्षेप खरा आहे, व त्याचा कांटा आम्हांस टोंचतो. ज्ञानानें आमचें ऋण वाढलें, हें कबूल. पण ऋण पुरतें फिटत नाहीं म्हणून हप्ताच बुडवावा, असा सल्ला कोणता सावकार देतो? अमेरिकेंतील कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीनें १९५० सालीं, दूर राहणाऱ्यांनीं मोटारीनें प्रार्थनेस यावें, अशी मुभा दिली. त्या निर्णयावर खुद्द त्या पंथांतहि पुष्कळ टीका झाली, आणि ती अगदींच पोकळ नव्हती. आमची लोकल त्याच वादांत सांपडते.

दुसरीकडून आमचे नवमतवादी पुतणे हंसतात : “काका, विश्रांतीच हवी तर रविवार आहे ना?” रविवारची सुटी गिरणी-कामगारांस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें १८९० सालीं मिळाली, तिचें मोल आम्ही जाणतों. पण ती मालकाच्या हातून सोडवून घेतलेली सुटी होय, आणि हल्लीं तो मोबाइलवाटे ती हळूहळू परत घेत आहे. पुतण्यांचा मागचा रविवार कचेरीचे निरोप वाचण्यांत गेला. शब्बाथ मालकानें दिलेला नाहीं. ज्या शनिवारीं आम्ही कचेरींत जातों, त्या शनिवारीं आपण कोणाचें कांहीं मोडीत आहों हें आम्हांस पक्कें ठाऊक असतें. रविवारीं मोबाइल पाहतांना पुतण्यांस तसें कांहींच वाटत नाहीं.

येत्या शुक्रवारीं त्या स्नेह्यांस पुन्हां निमंत्रण आहे. चार जिने चढावे लागतील. मनुका सकाळींच भिजत घातलेल्या असतील.